रंग गेला, पण पदार्थ गेला का?

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा अर्जुनी मोरगाव तालुका हा तलावांचा मुलूख आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव याच तालुक्यात आहे आणि गाढवी नदीवरचे इटियाडोह धरणही इथलेच. याशिवाय गावोगावी जुने मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदांत ते 'माजी मालगुजारी तलाव' असतात, तर बोलण्यात त्यांचे 'मामा तलाव' होतात. अशा मुलुखात पाण्याची पारख प्रत्येकाला असते. पाणी गढूळ आहे, हिरवे पडले आहे, नितळ आहे, असा निवाडा काठावर उभे राहूनच दिला जातो. हा निवाडा डोळ्यांचा असतो आणि रोजच्या व्यवहारात तो बऱ्याच वेळा उपयोगीही पडतो.

पण पाण्यातून एखादी गोष्ट दिसेनाशी झाली म्हणजे ती नाहीशी झाली असे म्हणता येईल का? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सूर्यप्रकाशाच्या मदतीने पाण्यातील प्रदूषके मोडून काढणाऱ्या अर्धवाहकांचे संशोधन गेले शतकभर चालू आहे, आणि त्याचा इतिहास एका अर्थी याच प्रश्नाचा इतिहास आहे. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरला या विषयावर झालेले कामही त्याच धाग्यात गुंफलेले आहे. हा धागा आपण सुरुवातीपासून पाहू. आधी मात्र एक लहानसा प्रयोग.

निळी बाटली

मिथिलिन ब्लू हे रंगद्रव्य बहुतेक शाळांच्या जीवशास्त्राच्या कपाटात असते. गालाच्या आतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना आपण तेच वापरतो. हाइन्रिश कारो या जर्मन रसायनतज्ज्ञाने ते १८७६ मध्ये प्रथम तयार केले. काचेच्या चंबूत १०० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात सुमारे २ ग्रॅम कॉस्टिक सोडा व ३ ग्रॅम ग्लुकोज विरघळवावे आणि मिथिलिन ब्लूचे दोन-चार थेंब टाकावेत. चंबू निम्मा रिकामा राहील असा घ्यावा व त्याला बूच लावावे. कॉस्टिक सोडा त्वचेला व डोळ्यांना घातक आहे. म्हणून ही तयारी शिक्षकांनी स्वतः करावी, विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.

निळे द्रावण स्थिर ठेवले की काही वेळात रंगहीन होते. वर्गाला विचारावे, "रंग कुठे गेला?" बहुतेक उत्तरे 'संपला' किंवा 'नष्ट झाला' अशी येतात. मग बूच घट्ट धरून चंबू हलवावा. द्रावण पुन्हा निळे होते. ठेवले की पांढरे, हलवले की निळे, असे अनेकदा करता येते.

येथे रंगद्रव्य कुठेही गेलेले नसते. ग्लुकोजने त्याला इलेक्ट्रॉन दिले की त्याचे रंगहीन रूप तयार होते. हलवल्यावर हवेतील ऑक्सिजन द्रावणात मिसळतो, ते इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि निळे रूप परत येते. रंग जाणे ही घटना रेणूच्या एका भागातील इलेक्ट्रॉनांच्या मांडणीशी निगडित आहे. रेणू नष्ट होणे ही वेगळीच घटना. हा फरक ध्यानात ठेवून आता इतिहासाकडे वळू.

रंगाऱ्यांची डोकेदुखी

प्रकाश-उत्प्रेरणाचा पहिला अध्याय घडला तो रंगांच्या धंद्यात. म्युनिक येथील आलेक्झांडर आयब्नर यांनी १९११ मध्ये रंगद्रव्यांवर प्रकाशाचा होणारा परिणाम अभ्यासताना पाहिले की, झिंक ऑक्साइड मिसळलेला प्रशियन ब्लू उजेडात फिका पडतो. झिंक ऑक्साइड म्हणजे साधी पांढरी पूड. ती स्वतः बदललेली दिसत नव्हती, पण तिच्या सोबतीने निळा रंग उडत होता. गंमत अशी की, प्रशियन ब्लू उजेडात फिका पडला तरी अंधारात व हवेत तो काही अंशी पूर्ववत होऊ शकतो, हे जुनी चित्रे जपणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणजे आपल्या निळ्या बाटलीचा प्रश्न या कथेच्या पहिल्याच पानावर उभा होता.

पुढे टिटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य बाजारात आले. आधीचा शिशाचा सफेदा विषारी होता आणि हवेतील हायड्रोजन सल्फाइडमुळे काळवंडत असे. टिटॅनियमचा सफेदा निर्विष आणि शुभ्र होता. पण त्याने एक नवीनच दुखणे आणले. उन्हातल्या भिंतीला काही काळाने हात लावला की खडूसारखी पांढरी पूड हाताला लागायची. रंगातील सफेदा शाबूत होता. त्याला धरून ठेवणारे तेल किंवा राळ मात्र मोडत होती.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गुडीव्ह आणि किचनर यांनी १९३८ मध्ये यामागची क्रिया नीट तपासली. टिटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर त्यांनी एक निळे रंगद्रव्य चिकटवले, अतिनील प्रकाश सोडला आणि रंग किती वेगाने उडतो ते मोजले. प्रकाश शोषणारा पदार्थ टिटॅनियम डायऑक्साइड होता, मोडणारे मात्र रंगद्रव्य होते. आज ज्याला आपण प्रकाश-उत्प्रेरण म्हणतो त्याचे हे स्पष्ट चित्र होते. पण रंग उद्योगाला ते नकोसे होते. उद्योगाने रुटाइल प्रकारचे स्फटिक वापरून आणि कणांवर ॲल्युमिना व सिलिका यांचे आवरण चढवून ही क्रिया दाबून टाकली. आजही आपल्या घरातील पांढऱ्या रंगात असाच झाकलेला सफेदा असतो.

कणाच्या आत काय घडते?

पुढची गोष्ट समजण्यासाठी अर्धवाहकाकडे थोडे बारकाईने पाहू. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांचे दोन ऊर्जापट्ट महत्त्वाचे असतात. खालचा संयुजा पट्ट भरलेला आणि वरचा वहन पट्ट जवळजवळ रिकामा. दोहोंमध्ये ऊर्जेचे अंतर असते. या अंतराएवढी ऊर्जा असलेला प्रकाशकण शोषला गेला की खालचा एक इलेक्ट्रॉन वर जातो आणि खाली एक रिकामी जागा उरते. ही रिकामी जागा इलेक्ट्रॉन मिळवायला टपलेली असते. कणाच्या पृष्ठभागावर ती पाण्यापासून इलेक्ट्रॉन ओढते आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. हा मूलक अतिशय क्रियाशील असून बहुतेक कार्बनी रेणूंवर तुटून पडतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन बहुधा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पकडतो. इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा आधीच एकमेकांना भेटले तर सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते, आणि असे फार वेळा होते.

कोणता प्रकाश चालेल हे पट्टांमधल्या अंतरावर ठरते. हे अंतर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये घेऊन त्याने १२४० ला भागले की प्रकाशाची कमाल तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. ॲनाटेज प्रकारच्या टिटॅनियम डायऑक्साइडसाठी हे अंतर ३.२ आहे, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३८८ नॅनोमीटर. हा अतिनील प्रकाश झाला. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील भाग साधारण ४ ते ५ टक्केच असतो. उरलेला सगळा प्रकाश या कणाच्या दृष्टीने फुकट. टंगस्टन ऑक्साइडचे अंतर सुमारे २.७, म्हणून ते ४६० नॅनोमीटरपर्यंतचा जांभळा-निळा प्रकाश शोषते. कॅडमियम सल्फाइडचे अंतर २.४, म्हणून ते ५१७ पर्यंत पोहोचते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे. त्यावरून टंगस्टन ऑक्साइड पिवळट आणि कॅडमियम सल्फाइड गर्द पिवळे का दिसते, हेही त्यांना सांगता येईल.

दोषाचे औषध झाले

टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हे विद्यार्थी असताना केनइची होंडा यांच्या मार्गदर्शनाखाली टिटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर काम करत होते. पाण्यात बुडवलेल्या या स्फटिकावर अतिनील प्रकाश पडला की ऑक्सिजनचे बुडबुडे येत आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजन मिळे. त्यांचा निबंध १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये आला. पुढच्याच वर्षी जगात तेलाचे संकट उभे राहिले आणि उन्हापासून इंधन मिळवण्याच्या या वाटेकडे सगळ्यांचे लक्ष वेधले गेले.

इंधनाचे काम सोपे नव्हते. पण त्याच वेळी काहींना दुसरी वाट दिसली. पाण्याचे रेणू फोडण्याइतकी ताकद ज्या पृष्ठभागात आहे, तो पाण्यातील घाण का फोडणार नाही? कॅनडातील केरी व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये पीसीबी या चिवट क्लोरीनयुक्त संयुगांवर हा प्रयोग केला. १९७७ मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी सायनाइडवर केला. रंगाच्या धंद्याने जो दोष म्हणून दाबला, तोच आता औषध म्हणून हाती घेतला गेला.

फ्रँक आणि बार्ड यांच्या प्रयोगात सायनाइडचे रूपांतर सायनेटमध्ये झाले. सायनेट सायनाइडपेक्षा पुष्कळच कमी विषारी आहे. तेव्हा फायदा खराच झाला, पण आपला प्रश्न इथेही लागू होतो. एक पदार्थ गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. दुसरा कोणता, हे पाहिल्याशिवाय यशाचे मोजमाप होत नाही.

हे मोजमाप कसे करावे याचा चांगला धडा १९८३ मध्ये प्रुडन आणि ओलिस यांनी घालून दिला. त्यांनी ट्रायक्लोरोएथिलीन व क्लोरोफॉर्म ही संयुगे घेतली, आणि ती किती कमी झाली एवढ्यावर न थांबता त्यांच्यातील क्लोरीन कुठे गेले तेही तपासले. क्लोरीन क्लोराइडच्या रूपात पाण्यात सापडले. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला. जमाखर्चाची दोन्ही पाने जुळली. कार्बनी पदार्थाचे असे साध्या अकार्बनी पदार्थांत रूपांतर होणे, म्हणजे संपूर्ण विघटन. आपल्याकडे किराणा दुकानदारही शिल्लक जुळल्याशिवाय वही बंद करत नाही. ओलिस यांनी तीच शिस्त या विषयात आणली असे म्हणता येईल.

ही शिस्त किती आवश्यक होती ते १९९० मध्ये दिसले. इटलीतील तुरीन येथील पेलिझेट्टी आणि सहकाऱ्यांनी ॲट्राझिन या तणनाशकावर टिटॅनियम डायऑक्साइडचा प्रयोग केला. ॲट्राझिन रंगहीन आहे. ते उजेडात लवकर नाहीसे झाले. पण जमाखर्च मांडल्यावर दिसले की, रेणूच्या बाजूच्या साखळ्या तुटल्या तरी कार्बन व नायट्रोजन यांचे मधले कडे तसेच राहते. क्रिया सायन्यूरिक आम्लापाशी येऊन थांबते. हे आम्ल ॲट्राझिनच्या मानाने निरुपद्रवी आहे, हे सुदैव. दर वेळी असेच होईल याची हमी नाही.

पूड की पातळ थर?

सुरुवातीचे बहुतेक प्रयोग पूड पाण्यात ढवळून केलेले होते. पूड घेतली की पृष्ठभाग भरपूर मिळतो. पण काम झाल्यावर ही अतिबारीक पूड पाण्यातून वेगळी कशी करायची? गाळणकागदातून ती निसटते, खाली बसायला वेळ लावते. पाणी शुद्ध करण्यासाठी टाकलेली वस्तूच पाण्यात राहिली तर काय उपयोग?

ऑस्ट्रेलियातील राल्फ मॅथ्यूज यांनी १९८० च्या दशकात यावर उपाय शोधला. त्यांनी टिटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर काचेच्या नळीच्या आत चिकटवला आणि पाणी त्यातून वाहू दिले. थर जागेवर राहिला, पाणी पुढे गेले. बदल्यात वेग काहीसा गमवावा लागला, कारण प्रदूषकाच्या रेणूला आता स्वतःहून भिंतीपर्यंत यावे लागते. ही देवाणघेवाण आजही चुकलेली नाही. पण पातळ थराचा आणखी एक फायदा आहे. तो विजेच्या वाहक काचेवर बसवला तर त्याला तार जोडता येते. बाहेरून थोडासा विद्युतदाब दिला की वर गेलेले इलेक्ट्रॉन तारेतून दूर नेता येतात आणि ते रिकाम्या जागांना भेटून वाया जाण्याचे प्रमाण कमी होते.

पातळ थरांची ही विद्या महाराष्ट्रात रुजली ती कोल्हापुरात.

कोल्हापूरची फवारणी

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ सालची. तेथील पदार्थविज्ञान विभागात पातळ थर बनवण्याच्या स्वस्त रासायनिक पद्धतींवर दीर्घकाळ काम झाले. महागडी निर्वात यंत्रे न वापरता चांगले थर मिळवायचे, हा या कामाचा रोख होता. एका पद्धतीत काचपट्टी रसायनांच्या द्रावणात बुडवून ठेवतात आणि थर तिच्यावर हळूहळू आपोआप बसतो. आर. एस. माने आणि सी. डी. लोखंडे यांनी या पद्धतीचा विस्तृत आढावा २००० साली प्रसिद्ध केला. दुसरी पद्धत फवारणीची. धातूच्या क्षाराचे द्रावण हवेच्या दाबाने बारीक तुषारांच्या रूपात तापलेल्या काचेवर उडवायचे. द्रावक उडून जातो, क्षाराचे विघटन होते आणि धातूच्या ऑक्साइडचा थर मागे राहतो. काचेचे तापमान, फवाऱ्याचा वेग, द्रावणाची तीव्रता यांवर थराचे गुण ठरतात. पी. एस. पाटील यांनी या पद्धतीवर १९९९ मध्ये लिहिलेला आढावा जगभरच्या संशोधकांनी वापरला.

याच फवारणीचा उपयोग सी. एच. भोसले, के. वाय. राजपुरे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाण्यातील प्रदूषकांसाठी केला. झिंक ऑक्साइड, टिटॅनियम डायऑक्साइड, टंगस्टन ऑक्साइड यांचे थर त्यांनी वाहक काचेवर बसवले, विद्युतदाबाची जोड दिली आणि पाणी या थरांवरून फिरवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात टंगस्टन ऑक्साइडच्या थराला टिटॅनियम डायऑक्साइडच्या किंवा झिंक ऑक्साइडच्या थराची जोड देऊन असे दुपदरी थर थेट सूर्यप्रकाशात वापरलेले आहेत. यामागचा विचार असा की, टंगस्टन ऑक्साइडने निळा दृश्य प्रकाश शोषावा आणि दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन एका बाजूला व रिकामी जागा दुसऱ्या बाजूला ओढली जाऊन त्यांची फारकत व्हावी.

पण आमच्या दृष्टीने या कामातील आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. ती म्हणजे परीक्षेसाठी निवडलेले पदार्थ. या गटाच्या निबंधांत ऑक्झॅलिक आम्ल, थॅलिक आम्ल, टोल्यूइन यांसारखी नावे येतात. ही सगळी रंगहीन आहेत. येथे डोळ्यांचा निवाडा चालतच नाही. काय उरले ते मोजावेच लागते.

कोल्हापूर पंचगंगेच्या काठी आहे. खाली इचलकरंजीत कापडाचे माग आणि कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न त्या भागात वर्षानुवर्षे चर्चेत आहे. अशा ठिकाणी रंगीत सांडपाणी रंगहीन करून दाखवणे फार आकर्षक असते, आणि नेमके तिथेच सावध राहावे लागते.

दृश्य प्रकाशाचा मोह

सूर्याचा दृश्य प्रकाश वापरता यावा म्हणून जगभर खटपट झाली. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश चांगला शोषते, पण त्यात मोठा धोका आहे. प्रकाशात निर्माण झालेली रिकामी जागा पाण्याऐवजी सल्फाइडचाच इलेक्ट्रॉन घेते. थर झिजतो आणि विषारी कॅडमियम पाण्यात उतरते. घाण काढायला गेलेलाच घाण करू लागतो. म्हणून सल्फाइडे वापरायची तर जागा विचारपूर्वक निवडावी लागते. पुण्याच्या सी-मेट संस्थेतील बी. बी. काळे यांनी कोरियातील सहकाऱ्यांबरोबर २००६ मध्ये कॅडमियम इंडियम सल्फाइडचे असे कण प्रसिद्ध केले की, जे सूक्ष्मदर्शकात झेंडूच्या फुलांसारखे दिसतात. ते दृश्य प्रकाशात हायड्रोजन सल्फाइड या दुर्गंधी विषारी वायूपासून हायड्रोजन मिळवतात. येथे सल्फाइड द्रावणातच मुबलक असते. त्यामुळे रिकाम्या जागांना इलेक्ट्रॉन बाहेरून मिळतात आणि उत्प्रेरकाची झीज आटोक्यात राहते.

दुसरा मार्ग टिटॅनियम डायऑक्साइडमध्येच फेरफार करण्याचा. जपानमधील टोयोटाच्या संशोधन केंद्रात असाही आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्यात थोडा नायट्रोजन मिसळला. ५०० नॅनोमीटरपर्यंतच्या प्रकाशात तो काम करतो असे त्यांनी 'सायन्स'मध्ये मांडले. परीक्षेचे दोन पदार्थ होते. एक ॲसिटाल्डिहाइड हा रंगहीन वायू, आणि दुसरे आपले मिथिलिन ब्लू.

यानंतर दृश्य प्रकाशात चालणाऱ्या उत्प्रेरकांचा महापूर आला आणि पुष्कळांनी परीक्षा घेतली ती मिथिलिन ब्लूनेच. कारण उघड आहे. ते स्वस्त आहे, रंग डोळ्यांना दिसतो आणि साध्या रंगमापकावर मोजता येतो. पण यात एक खोच होती. मिथिलिन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषते, म्हणून तर ते निळे दिसते. प्रकाश शोषलेला रंगाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन शेजारच्या अर्धवाहकाला देऊ शकतो आणि स्वतः मोडू लागतो. तेव्हा रंग उडाला तरी अर्धवाहकाने दृश्य प्रकाश वापरला असे सिद्ध होत नाही. असा उत्प्रेरक रंगहीन कीटकनाशकापुढे हतबल ठरेल.

जपानच्या होक्काइदो विद्यापीठातील ओहतानी यांच्या गटाने २००६ मध्ये सरळ प्रश्नच निबंधाच्या शीर्षकात विचारला की, मिथिलिन ब्लू हा परीक्षेसाठी योग्य पदार्थ आहे का? दृश्य प्रकाशाच्या परीक्षेसाठी तो योग्य नाही, असे त्यांचे उत्तर होते. पुढे २०१० मध्ये मिथिलिन ब्लूवर आधारलेली आंतरराष्ट्रीय मानक चाचणी आली, ती अतिनील प्रकाशासाठी. तरीही रंग उडवून दृश्य प्रकाशाचे यश सांगण्याची प्रथा थांबलेली नाही.

एक ढोबळ हिशेब

मिथिलिन ब्लूच्या एका रेणूत कार्बनचे १६, नायट्रोजनचे ३, गंधक व क्लोरीनचा प्रत्येकी १ अणू असतो. संपूर्ण विघटन झाले तर कार्बन डायऑक्साइडचे १६ रेणू मिळायला हवेत. सोबत नायट्रिक, सल्फ्युरिक व हायड्रोक्लोरिक आम्ल. समीकरण संतुलित केले तर एका रेणूला ऑक्सिजनचे साडेपंचवीस रेणू, म्हणजे १०२ इलेक्ट्रॉनांची देवघेव लागते. रंग घालवायला मात्र दोन इलेक्ट्रॉन पुरतात, हे निळ्या बाटलीने दाखवलेच आहे. दोन आणि एकशे दोन! रंग जाणे आणि पदार्थ जाणे यांतील अंतर या दोन आकड्यांत सामावले आहे.

आता १ लिटर पाण्यात १० मिलिग्रॅम मिथिलिन ब्लू आहे असे धरू. एक चौरस मीटर थरावर भर दुपारी सुमारे ३५ वॅट वापरण्याजोगा अतिनील प्रकाश पडतो आणि शंभरातील एकच प्रकाशकण कामी येतो असे मानले, तर एवढ्या रंगाच्या संपूर्ण विघटनाला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. दिवसाकाठी सहा-सात लिटर पाणी झाले. निळ्या प्रकाशापर्यंत, म्हणजे ५०० नॅनोमीटरपर्यंत मजल गेली, तर मिळणारे प्रकाशकण सहापटीच्या आसपास जातात. दृश्य प्रकाशामागे एवढे संशोधक का लागले, ते यावरून कळते. पण कापड कारखान्यातील सांडपाण्यात कार्बनी पदार्थांचे प्रमाण आपल्या उदाहरणापेक्षा कितीतरी पट जास्त असते, आणि गडद पाण्यातून प्रकाश थरापर्यंत पोहोचतही नाही. म्हणून या पद्धतीची योग्य जागा शेवटच्या टप्प्यात आहे. जिवाणूंनी व इतर उपायांनी बहुतेक काम केल्यावर उरलेल्या, थोड्या पण चिवट पदार्थांसाठी ती उपयोगी आहे. नदी वाचवण्याचा पहिला मार्ग घाण नदीत न सोडणे हाच राहतो.

वर्गात काय करावे?

हा सारा इतिहास शाळेच्या अंगणात थोडक्यात उभा करता येतो. झिंक ऑक्साइडची पूड रसायनांच्या दुकानात मिळते. मिथिलिन ब्लूचे अगदी फिके द्रावण चार सारख्या काचेच्या पेल्यांत घ्यावे. पहिल्यात नुसते द्रावण ठेवावे. उरलेल्या तिन्हींत चिमूटभर झिंक ऑक्साइड टाकावे. तिसरा पेला काळ्या कागदात पूर्ण गुंडाळावा. चौथ्याला वरून व बाजूंनी गडद पिवळा पारदर्शक कागद लावावा, म्हणजे अतिनील व निळा प्रकाश बराच अडेल. चारही पेले उन्हात ठेवून अधूनमधून ढवळावेत आणि पूड खाली बसू देऊन दर अर्ध्या तासाने रंगाची तुलना करावी.

दुसऱ्या पेल्यातील रंग लवकर उडेल. मग विद्यार्थ्यांना प्रश्न विचारावेत. पहिल्या पेल्यात थोडा रंग उडाला का? म्हणजे उन्हाचा स्वतःचा वाटा किती? तिसऱ्यात खाली बसलेली पूड निळसर दिसते का? म्हणजे रंग मोडला की नुसता पुडीला चिकटला? चौथ्यात काही घडले तर श्रेय पुडीचे की रंगाचे? रंगहीन झालेले पाणी हवेबरोबर खूप हलवले तर निळेपणा परत येतो का? परत आला नाही तरी पदार्थ पूर्ण मोडला असे म्हणता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर या प्रयोगातून मिळत नाही, आणि ते मिळत नाही हे समजणे हाच धडा आहे.

अर्जुनी मोरगावचा मुलगा धानाच्या बांधीतून तलावाकडे जातो, तेव्हा बांधीतून उतरणाऱ्या पाण्यात काही मिसळलेले असेल तर ते बहुधा रंगहीनच असेल. त्याला ते दिसणार नाही. उद्या कुणी उन्हाने पाणी शुद्ध करणारा थर किंवा यंत्र घेऊन गावात आला आणि त्याने निळे पाणी डोळ्यांदेखत पांढरे करून दाखवले, तर सगळे टाळ्या वाजवतील. त्या वेळी वर्गात निळी बाटली पाहिलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने उठून विचारावे, "साहेब, रंग गेला हे दिसले. पण त्यातला कार्बन कुठे गेला?" विज्ञानाच्या शिक्षकाला याहून मोठी पावती कोणती हवी?